दीड आट्याचा प्रश्न

मराठी माणूस मोटारसायकलबद्दल दोनच प्रश्न विचारतो. ॲव्हरेज किती देते, आणि देत नसेल तर कार्बोरेटरचा स्क्रू कोणी फिरवला? पहिल्या प्रश्नाबद्दल माझी तक्रार नाही. पेट्रोलने शंभरी ओलांडल्यावर तो विचारणे हा आत्मसंरक्षणाचाच भाग आहे. दुसऱ्या प्रश्नात मात्र मोठा अन्याय दडलेला आहे. गाडी पेट्रोल पिते, ओढत नाही, सिग्नलला बंद पडते, सायलेन्सरमधून फटाके वाजवते. आरोपी कोणीही असो, उचलून चौकीवर नेतात ते मिक्स्चर स्क्रूलाच. टपरीवरचे चार जण चहा संपायच्या आत निकालही देतात, ‘अर्धा आटा बाहेर घे.’ माझे म्हणणे इतकेच की, या स्क्रूला आपण फार मोठा साहेब समजतो. तो बिचारा कार्बोरेटरच्या दारावरचा शिपाई आहे, आणि आपण त्याच्याकडे अर्थसंकल्पाचा जाब मागतो.

आधी हिशेब पाहू. पेट्रोल नीट जळायला वजनाने एका भागाला १४.७ भाग हवा लागते. एक कमावता आणि पावणेपंधरा खाणारे, अशी ही एकत्र कुटुंबाची व्यवस्था. एका लिटरमागे सुमारे ९,००० लिटर हवा आत जाते. ती फुकट असल्यामुळे तिची नोंद कोणी ठेवत नाही. पेट्रोल जास्त झाले की मिश्रण रिच होते आणि प्लग काळा पडतो. श्रीमंतीचे काळ्या रंगाशी नाते जुनेच आहे. हवा जास्त झाली की मिश्रण लीन. मग प्लग पांढराफटक आणि इंजिनाचे डोके गरम. प्लगचे टोक चहाच्या रंगावर आले की संसार ठीक चालला आहे असे समजावे. पण १४.७ हा रसायनशास्त्राचा आकडा, मालकाच्या मनातला नव्हे. इंजिनाची सगळ्यात जास्त ताकद १२.५ ते १३ च्या आसपास मिळते आणि काटकसर साधते ती १५-१६ कडे झुकल्यावर. तेव्हा ‘पिकअप पण पाहिजे आणि ॲव्हरेज पण’ ही मागणी म्हणजे पगार मुंबईचा आणि घरभाडे गावचे, अशी आहे. ती पुरी करणारा स्क्रू अजून घडलेला नाही.

मुळात कार्बोरेटरमध्ये मंत्रिमंडळासारखे खातेवाटप असते. ॲक्सिलरेटर बंद किंवा जेमतेम उघडलेला असताना कारभार पायलट जेट आणि मिक्स्चर स्क्रूकडे. थोडे पुढे गेले की स्लाइडच्या तळाचा तिरका काप बोलू लागतो. पाव ते पाऊण उघडेपर्यंत सुईचे राज्य. सुईच्या डोक्याशी खाचा असतात आणि त्यांतल्या एकीत क्लिप बसते. क्लिप एक खाच खाली घेतली की सुई वर उचलली जाते आणि पेट्रोल वाढते. त्यापुढे मेन जेट. खात्यांच्या सीमा एकमेकांत घुसतात, पण ते मंत्रिमंडळातही होते. आता पुणे-सातारा रस्त्यावर साठच्या वेगाने चाललेली १०० सीसीची गाडी पेट्रोल खर्च करते ते कोणाच्या सहीने? बहुतेक सुईच्या. त्या खर्चासाठी मिक्स्चर स्क्रू पिळणे म्हणजे वीजबिल जास्त आले म्हणून पोस्टमनची गचांडी धरणे.

बरे, पिळायचा तरी कोणत्या दिशेने? स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवा मोजतो. बाहेर काढला की मिश्रण लीन. तोच इंजिनाच्या बाजूला असेल तर पेट्रोलची वाट सांभाळतो. बाहेर काढला की रिच. म्हणजे टपरीवरचा ‘अर्धा आटा बाहेर’ हा सल्ला एका गाडीला उपास घडवतो आणि दुसरीला जेवण. टपरीवर एकमत होते, कारण गाडी कोणी पाहिलेलीच नसते. यावर कोणी म्हणेल, कानाने ट्युनिंग करणारा मेकॅनिकही मग अंदाजपंचेच ना? अजिबात नाही. तो इंजिन तापू देतो, स्क्रू हलक्या हाताने आत टेकवतो (आवळला तर टोक कायमचे जाते), दीड आटा मागे घेतो आणि पाव-पाव आटा फिरवत आवाज जिथे सर्वांत चढा आणि सलग लागतो तिथे थांबतो. नंतर आयडलिंगच्या स्क्रूने रेस खाली आणतो. हे शास्त्रशुद्ध मोजमापच आहे, फक्त काटा कानात बसवलेला. दीड आटा ही त्याची सुरुवात. आपण मात्र तो पंचांगातला मुहूर्त समजून बसतो.

‘पण ट्युनिंगनंतर ॲव्हरेज वाढते, हा तर अनुभव आहे!’ वाढते, मान्य. आयडलिंग खरोखरच रिच झाले असेल आणि गाडीचे निम्मे आयुष्य सिग्नलला जात असेल, तर शिपायाने वाचवलेला चहाही महिनाअखेर जाणवतो. पण त्याच दिवशी एअर फिल्टर साफ झालेला असतो, चेनला तेल मिळालेले असते, घासणारा ब्रेक सैल झालेला असतो. शिवाय पैसे मोजून आलेला मालक पुढचे आठ दिवस हँडलवर काठोकाठ भरलेला तांब्या ठेवल्यासारखी गाडी चालवतो. काम इतक्या जणांचे आणि सत्कार एकट्या स्क्रूचा.

एकदा जमवलेले मिश्रण पुन्हा बिघडते कसे, ही पुढची तक्रार. स्क्रू जागेवरच असतो, जग हलते. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंचावर आहे आणि तिथली हवा समुद्रसपाटीपेक्षा १२ टक्क्यांच्या आसपास विरळ. मुंबईत शहाण्यासारखी वागणारी गाडी पसरणीचा घाट चढता चढता रिच होते; थंड हवेच्या ठिकाणी आपण श्रीमंत आहोत असे वाटणे हा केवळ पर्यटकांचा रोग नाही. इंधनही बदलते. इथेनॉलला एका भागामागे ९ भाग हवा पुरते, त्यामुळे २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर जुन्या जेटची गाडी आपोआप लीनकडे सरकते. महाराष्ट्राच्या राजकारणाचे मिश्रण उसाने केव्हाच ठरवले होते. आता टाकीतलेही तो ठरवू लागला आहे.

राहिला शेवटचा आक्षेप. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा लागू झाले, बहुतेक नव्या दुचाकींवर फ्युएल इंजेक्शन आले, मग हा वाद हवा कशाला? उलट तोच माझा भरभक्कम साक्षीदार आहे. तिथे एक सेन्सर सायलेन्सरच्या वाटेवर बसून धुरातला ऑक्सिजन हुंगतो आणि संगणक क्षणोक्षणी पेट्रोल कमी-जास्त करत १४.७ च्या आगेमागे घुटमळत राहतो. संगणकालाही जो आकडा एका जागी धरून ठेवता येत नाही, तो आपण दीड आट्यात कायमचा बांधायला निघालो होतो! तेव्हा ज्यांच्या गाडीला अजून कार्बोरेटर आहे त्यांनी शिपायाला त्याच्या दारावर सुखाने बसू द्यावे. ॲव्हरेज वाढवणारी हवा मोजायचीच असेल तर ती टायरमध्ये मोजावी. ती पेट्रोल पंपावर फुकट मिळते. तिच्यासाठी मात्र दोन मिनिटे थांबायला कोणालाच वेळ नसतो, कारण सगळ्यांना स्क्रू फिरवून घ्यायला जायचे असते.