माळ्यावरचे जनरल मॅनेजर

१२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून बॅकबेपर्यंत पहिली लोकल धावली. आमच्या वटार गावाला मात्र रेल्वे कधी आलीच नाही. आजही वटारकर बस नाहीतर रिक्षा धरून नालासोपारा किंवा विरार गाठतो, आणि मग गाडीत शिरायला मिळालं तर शिरतो. हा दीडशे वर्षांचा अन्याय आमच्या आळीतल्या एका गृहस्थांनी स्वतःच्या प्रॉव्हिडंट फंडातून दूर केला. रेल्वे आता वटारला आली आहे. ती माळ्यावर आहे आणि तिच्या दोन रुळांतलं अंतर साडेसोळा मिलिमीटर आहे, एवढंच. गाव त्यांना जनरल मॅनेजर म्हणतं. त्यांची पत्नी, म्हणजे आमच्या काकू, काही म्हणत नाहीत. त्या जिन्याखालून फक्त हाक मारतात.

नोकरी संपली की इथली माणसं वाडीत रमतात. मोगरा, चाफा, केळी, नारळ, काही ना काही असतंच. साहेबांचं सगळं आयुष्य विरारच्या गाडीत एका पायावर गेलं. त्यांना खरं तर रेल्वेचं नाव नको व्हायला हवं होतं. पण निवृत्तीच्या पुढच्याच आठवड्यात त्यांनी टेम्पोतून प्लायवूड आणलं.

पहिला सेट अमेरिकेतल्या पुतण्याने पाठवला. तिकडची वीज १२० व्होल्टची, आपली २३०. साहेबांनी भक्तिभावाने प्लग लावला. अडॅप्टरमधून धूर निघाला तेव्हा वर आलेल्या काकू कौतुकाने म्हणाल्या, “अगंबाई, वाफेची आहे होय?” अडॅप्टर गेला, पण इंजिन वाचलं. मग लॅमिंग्टन रोडवरून १२ व्होल्ट डीसीचा पुरवठा आला आणि गाडी इंचभर हलली. तो इंचभर प्रवास अजून सांगितला जातो.

पाहुण्याने त्यांच्याकडे कधीही “गाडी चालते का?” असं विचारू नये. अपमान होतो. उत्तर ठरलेलं असतं: “आज ब्लॉक आहे.” आणि मेगाब्लॉक म्हणालात तर लगेच दुरुस्ती: “मेगाब्लॉक मध्य रेल्वेवर. आपल्याकडे जंबो ब्लॉक.” मग चहा येईपर्यंत जर्मनीच्या मार्कलिन कंपनीने १८९१ साली खेळण्यातल्या रुळांची मापं कशी ठरवली हे ऐकावं लागतं. चहा आल्यावर गेज येतं. हा सगळा संसार १:८७ मापाचा. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, म्हणजे या मापात रुळांतलं अंतर सव्वाएकोणीस मिलिमीटर हवं. बाजारातले रूळ परदेशी स्टँडर्ड गेजच्या हिशेबाने साडेसोळाचे. पावणेतीन मिलिमीटर कमी! साहेब हे अशा आवाजात सांगतात की पाहुण्याला वाटावं, घरात कुणी आजारी आहे.

दुरुस्ती पाहावी तर माळ्यावर चढूनच. वटारला समुद्र जवळ, हवा खारी आणि दमट. चाक आणि रूळ यांच्यामध्ये बारीक ठिणग्या उडत राहतात, त्यांची काजळी आणि धूळ मिळून रुळांवर काळा थर धरतो, वीज चाकापर्यंत पोचत नाही आणि गाडी उचक्या देत थांबते. साहेब जुन्या बनियनचा तुकडा बोटाला गुंडाळतात, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवतात आणि गुडघ्यांवर बसून रूळ न् रूळ पुसतात. चिंधी काळी झाली की ती उजेडाकडे धरून बघतात, आणि त्यांचा चेहरा उजळतो. रूळ निकेल सिल्व्हरचे आहेत हे काकूंच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी चांदीचा भाव विचारला होता. त्यात चांदी नसते. तांबं, निकेल आणि जस्त असतं. तेव्हापासून त्यांचा या खात्यातला रस संपला. शिलाई मशीनच्या तेलाची बाटली तेवढी त्यांनी परत मागून घेतली, कारण साहेबांनी इंजिनाला एका थेंबाऐवजी धारच घातली होती. ते तेल रुळांवर उतरलं आणि चाकं जागच्या जागी गरगरू लागली.

मांडणी चर्चगेट ते वैतरणा. विरारच्या पुढे गाडी मंदावायची. येणारा प्रत्येक जण म्हणायचा, अगदी खऱ्यासारखं! साहेबांना ही स्तुती लागली. मल्टिमीटर लावला तर चर्चगेटला बारा व्होल्ट आणि वैतरणेला जेमतेम आठ. प्रत्येक फिशप्लेटच्या सांध्यावर थोडं थोडं व्होल्टेज पडत होतं. मग प्लायवूडखालून दोन जाड तारा नेल्या, आणि जागोजागी त्यांचे फाटे काढून रुळांना डाग दिले. हे काम उताणं पडून करायचं असतं. तापलेलं शिसं वरून खाली पडतं, हे त्यांच्या कपाळावर लिहिलेलं आहे.

पावसाळ्यात प्लायवूड फुगतं. शिवाय पत्रा गळतो, आणि तोही नेमका नालासोपारा स्टेशनवर. काकूंनी पत्रेवाल्याला बोलावलं होतं. साहेबांनी त्याला परत पाठवलं. “जुलैत नालासोपाऱ्याला रुळांत पाणी नसेल तर लोक हसतील.”

सगळ्यात मोठा काळ गेला तो वैतरणेच्या वळशात. गाडी उलट न नेता गोल फिरवून त्याच रुळावर परत आणायची, असा साहेबांचा बेत होता. वळसा जोडला की कंट्रोलरवर लाल दिवा, सगळं ठप्प. कारण साधं होतं. वळसा घेऊन रूळ स्वतःला येऊन मिळतो तेव्हा डावा रूळ उजव्याला भिडतो, अधिक आणि उणे एकत्र येतात आणि शॉर्ट होतो. उपाय म्हणजे वळशाच्या दोन्ही तोंडांशी प्लॅस्टिकचे जोड घालून तो तुकडा अलग करायचा आणि गाडी आत असताना स्विचने बाकीच्या रुळांतल्या विजेची दिशा पालटायची. हे समजलं त्या रात्री ते झोपले नाहीत. आनंदाने नव्हे. कोडं सुटल्याच्या दुःखाने.

माझं निदान त्या रात्रीच पक्कं झालं. गाडी चालावी असं या माणसाला मनातून वाटतच नाही. पुण्याला कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८ पासूनचं. आम्ही बरोबर गेलो होतो. दिवे मालवले, गाड्या धावू लागल्या, पोरं टाळ्या पिटू लागली. साहेब वाकून टेबलाखाली वायरिंग दिसतं का बघत होते. चर्चगेट-विरारची वीज २०१२ साली पूर्णपणे डीसीवरून एसीवर गेली, तेव्हा पुतण्या म्हणाला, काका, तुम्हीही डीसीसी घ्या. इंजिनात चिप बसवायची, एकाच रुळावर दोन गाड्या वेगवेगळ्या वेगाने धावतात, वळशाचं कामही आपोआप करता येतं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग मी काय करायचं?”

गेल्या दिवाळीत आक्रीत घडलं. गाडी चर्चगेटहून सुटली, विरार, वैतरणा, वळसा, परत चर्चगेट. पुन्हा सुटली. फराळ खाऊन झाला तरी धावतच होती. पोरं कंटाळून खाली गेली. साहेबांच्या चेहऱ्यावर मात्र, सकाळी ऑफिसला निघालं आणि गाडी रिकामी मिळाली, तर काहीतरी चुकलं आहे असं वाटणाऱ्या विरारकराचा भाव होता. शेवटी त्यांनी कंट्रोलर बंद केला, पक्कड उचलली आणि जाहीर केलं: विरार-डहाणूचं चौपदरीकरण खरी रेल्वे करतेच आहे, आपण मागे का राहायचं?

चौपदरीकरणासाठी माळ्याची पूर्वेकडची बाजू लागणार होती. तिथे काकूंच्या लोणच्याच्या बरण्या, जुनी ट्रंक आणि लग्नातला पाळणा. साहेब मोजपट्टी घेऊन जिन्याशी आले आणि भूसंपादनाबद्दल चार शब्द गोड बोलले. काकू वसईची हिरवाई वाचवण्यासाठी निघालेल्या ‘हरित वसई’च्या मोर्च्यांत चाललेल्या बाई. त्यांनी कढई खाली ठेवली.

“आधी पर्यायी जागा दाखवा,” त्या म्हणाल्या. “लेखी. आणि पत्रेवाल्याला उद्या सकाळी बोलवा.”

पत्रेवाला आला. नालासोपारा आता कोरडं आहे, आणि साहेबांनी निषेध म्हणून जंबो ब्लॉक जाहीर केला आहे.