फाटलेल्या पुस्तकांचा प्रबंध

लग्नाच्या हॉलमध्ये "सध्या काय करतेस?" असं कोणी विचारलं आणि मी "पीएचडी" म्हटलं, की विचारणारा हातातली आइस्क्रीमची वाटी अदबीनं खाली ठेवतो. "कशावर?" "मराठी बालसाहित्यावर." वाटी पुन्हा वर. "म्हणजे गोष्टी?" मग तो आपल्या चौथीतल्या चिरंजीवांना हाक मारतो. "बघ, ही ताई एवढी घोडी झाली तरी गोष्टी वाचते, नाहीतर तू!" त्यानंतर ते चिरंजीव माझ्याकडे ज्या नजरेनं बघतात, ती बघून माझी फेलोशिप मलाच नकोशी होते.

विद्यापीठाला नुसत्या गोष्टी चालत नाहीत. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे ऊर्फ बन्या म्हणजे फुरसुंगीचा किडकिडीत पोरगा. सायकल दामटतो, नको तिथे नाक खुपसतो, 'टॉक्' करतो आणि बदमाशांना पकडून देतो. एवढ्यावर विषय मंजूर होत नसतो. म्हणून माझ्या आराखड्यावर 'स्वातंत्र्योत्तर मराठी किशोर साहसकथेतील नागरी अवकाश, गतिशीलता आणि बालकर्तेपण : एक चिकित्सक अभ्यास' असं छापलेलं आहे. गतिशीलता म्हणजे सायकल. समितीतल्या एका ज्येष्ठ सरांनी शीर्षक दोनदा वाचलं, गंभीरपणे मान डोलावली आणि हळूच विचारलं, "यात आपला बन्या येतो ना हो?" येतो म्हटल्यावर पुढे गृहीतकांबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. प्रत्येकाला आपापली शाळेची सुट्टी आठवली होती.

तरी 'सोपा विषय' हा शिक्का पुसला जात नाही. विंदांच्या 'अष्टदर्शने'वर काम करणाऱ्याला विभागात चहा विचारतात, 'राणीची बाग' घेणाऱ्याला विचारतात, "पुढे मोठं काही करणार असशील ना?" हात तोच, ज्ञानपीठ त्याच हाताला, पण हत्ती-माकडं आली की चहा बंद. विषयाचं वयही काही कमी नाही. सदाशिव काशिनाथ छत्र्यांचं 'बाळमित्र' १८२८ सालचं, विनायक कोंडदेव ओकांचं 'बालबोध' मासिक १८८१ चं. आणि साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहून काढली. मला यूजीसी सहा वर्षं देते. तुरुंगातली शांतता तेवढी देत नाही.

खरा घोळ लायब्ररीत आहे. मुलांना आवडलेलं पुस्तक उरतच नाही. ते घरोघर फिरतं, उशीखाली जातं, त्यावर वरण सांडतं, पानं सुटतात आणि एक दिवस ते 'बाद' होऊन रद्दीत जातं. जे कोणी हातात धरलं नाही, ते कपाटात करकरीत बसून असतं. सदाचार शिकवणारी, बक्षीस समारंभात वाटायला घेतलेली पुस्तकं पाहा : पाठीमागची तारखांची चिठ्ठी कोरी, बांधणी जशीच्या तशी. संशोधकाला पुरावा लागतो आणि सगळा पुरावा नावडत्या पुस्तकांच्या बाजूनं. उपलब्ध साधनांवरून इतिहास लिहायचा, तर मराठी मुलं शंभर वर्षं फक्त थोरांचे बालपणीचे सद्गुण वाचत होती, असं सिद्ध होईल. कित्येक प्रबंधांत ते झालंही असावं.

म्हणून मी फाटक्यांच्या मागे लागले. लायब्ररीतल्या बाईंनी जिन्याखालचा ढीग दाखवला तो "यातलं काय घेणार तुम्ही?" अशा सुरात. त्यात 'चांदोबा'चे काही जुने अंक दोऱ्यानं शिवलेले निघाले. विक्रमाच्या खांद्यावरच्या प्रेताला निळ्या पेनानं चष्मा काढला होता. नुसता चष्मा नाही, दांड्या कानामागे नीट वळवलेल्या. पुढच्या अंकात तोच चष्मा, यावेळी एक काच फुटलेली. खाली इशारा : हा अंक चोरणाऱ्याच्या डोक्याची शंभर शकलं होतील. वेताळाचीच धमकी, पण योग्य कामासाठी वापरलेली. वाचक-प्रतिसादाची जाडजूड इंग्रजी पुस्तकं वाचून मला जे कळलं नव्हतं, ते या पोराच्या एका फुटक्या काचेनं कळलं : हा गडी महिनाभर पुढच्या अंकाची वाट बघत होता.

जिवंत वाचकाकडून असं काही निघत नाही. एका शाळेत मी रीतसर मंजूर झालेली प्रश्नावली वाटली. 'हे पुस्तक तुम्हाला का आवडले?' यावर निम्म्या वर्गाचं उत्तर शब्दश: एकच : यातून आम्हाला खूप शिकायला मिळाले. एका मुलीनं तेवढं प्रामाणिकपणे लिहिलं, "बाईंनी आवडले असे लिहायला सांगितले." शेवटच्या बाकावरच्या एकानं उत्तराच्या जागी विमान काढलं होतं. मी ते विमान स्वतंत्र नोंदवलं आहे.

चष्म्याचं प्रकरण मात्र मी मन लावून लिहिलं आणि मार्गदर्शकांकडे दिलं. महिन्याभरानं परत आलं. सर काटेकोर आहेत. विरामचिन्हं सुधारलेली, 'शंभर शकलं'पाशी चक्क हसल्याची खूण, आणि चष्म्याच्या परिच्छेदाशेजारी लाल शाईत : "कोणी काढला? इयत्ता? संदर्भ द्या."