शाबासकीचा शिरस्ता

शाबासकी देण्यास खजिन्यातून कवडीही खर्ची पडत नाही, हे राज्यकर्त्यांना पूर्वापार ठाऊक असावे. एरवी शिवछत्रपतींनी कुडतोजी गुजरांस ‘प्रतापराव’ आणि हंसाजी मोहित्यांस ‘हंबीरराव’ असे किताब बहाल करून त्यांचा पराक्रम त्यांच्या नावातच गोवून टाकला नसता. पुढे पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या इंग्रजांनीही रावसाहेब आणि रावबहादूर या दोन शब्दांच्या बळावर मुलखातील भलीभली मंडळी कलेक्टराच्या व्हरांड्यात तिष्ठत बसवली. 1950 साली अमलात आलेल्या संविधानाच्या 18व्या अनुच्छेदाने, लष्करी व विद्याविषयक सन्मान वगळता, या किताबांस मूठमाती दिली, हे योग्यच झाले. मात्र त्यांच्या जाण्याने मोकळी पडलेली जागा कचेऱ्यांतून कोणी भरून काढल्याचे ऐकिवात नाही.

उरला तो गोपनीय अहवाल. त्याचा शिरस्ता मोठा मनोज्ञ होता. साहेबाने प्रतिकूल शेरा मारला, तर तो संबंधितास तातडीने लेखी कळवून खुलासा मागवावयाचा. आणि अनुकूल शेरा मारला, तर लखोटा मोहरबंद करून कपाटात ठेवावयाचा. म्हणजे निंदा सहीनिशी हाती पडे आणि स्तुती राजगुपितासारखी सांभाळली जाई. सीमेवर रस्ते बांधणाऱ्या एका अभियंत्यास तर एका वर्षी ‘चांगला’ असा शेरा मिळाला आणि त्यापायीच त्याची बढती हुकली, कारण बढतीस ‘अतिशय चांगला’ हवा होता. शिवाय ‘चांगला’ हा शेरा प्रतिकूल नसल्यामुळे तो त्यास कळवण्याचे कारणही कोणास दिसले नव्हते. प्रशंसेने घायाळ झालेला हा गृहस्थ थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तेव्हा कुठे 2008 साली, शेरा बरा असो वा वाईट, तो कर्मचाऱ्यास कळवलाच पाहिजे, असा निवाडा झाला.

साहेबांनाच दोष देऊन भागणार नाही; जेवणारा निमूटपणे जेवून उठला म्हणजे स्वयंपाक साधला असे मानणाऱ्या घरांतूनच तेही आलेले असतात. म्हणूनच आमच्या कचेरीत कौतुकाचे प्रशिक्षण घेऊन आलेले एक नवे साहेब रुजू झाले, तेव्हा मोठी घबराट उडाली. पहिल्याच सोमवारी त्यांनी अव्वल कारकुनास बोलावून, “आपला मसुदा उत्कृष्ट होता,” असे सर्वांदेखत सांगितले. अव्वल कारकुनांनी तो मसुदा घरी नेला, रात्रभर त्यातील चूक शोधली, ती सापडली नाही म्हणून दुसऱ्या दिवशी रजा टाकली. मंगळवारी बारनिशीच्या बाईंचे अक्षर वाखाणले गेले. सायंकाळपर्यंत त्यांच्या बदलीची वदंता तालुक्यास पोहोचली होती. बुधवारी शिपायास “आपण या कचेरीचा कणा आहात” असे ऐकावे लागले, तेव्हा त्याने, “साहेब, मार्चअखेर किती वाजेपर्यंत थांबायचं ते सांगा,” असा रोकडा सवाल केला. त्या कचेरीतील सर्वांत व्यवहारचतुर माणूस तोच होता, असे माझे मत आहे.

हळूहळू मात्र मंडळींस कौतुकाची चटक लागली आणि चटकेबरोबर हक्काची जाणीवही आली. संघटनेचे शिष्टमंडळ साहेबांस भेटले. तोंडी शाबासकीस पुरावा नसतो, सबब ती लेखी असावी, तिची नोंद सेवापुस्तकात व्हावी, आणि मुख्य म्हणजे ती सेवाज्येष्ठतेनुसार मिळावी, अशी त्यांची मागणी होती. साहेब बिचारे प्रशिक्षित असल्यामुळे मागणी मान्य झाली. यादी लागली, दर सोमवारी एक नाव, त्यातही रजेवर असणाऱ्याची शाबासकी पुढील महिन्यात देय. वर्षानुवर्षे तुंबलेली जमिनीची प्रकरणे ज्याने मुकाट्याने निकाली काढली, तो कनिष्ठ लिपिक यादीत शेवटून दुसरा होता. त्याची पाळी येण्यापूर्वीच साहेबांची बदली झाली, आणि नव्या साहेबांनी त्या यादीवर ‘कोणत्या नियमान्वये?’ असा शेरा मारून तीन दिवसांत खुलासा मागवला. तो खुलासा, मसुद्याचा हात चांगला म्हणून, त्याच लिपिकाकडून लिहवून घेण्यात आला.