बाकावरचा गुणवान

अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक चाचपडू लागला की त्याला बसवावे का, हा प्रश्न प्रशिक्षकाला पडतो; प्रेक्षकांना तो कधीच पडत नाही. राखीव खेळाडूचा सर्वांत मोठा गुण म्हणजे तो अजून खेळलेला नसतो. 2017 मध्ये बफेलो बिल्सचे प्रशिक्षक शॉन मॅकडरमॉट या गुणावर भाळले. संघ 5 सामने जिंकून 4 हरला होता, तरी टायरॉड टेलरला बसवून त्यांनी नेथन पीटरमनला उतरवले. पीटरमनने पूर्वार्धातच 5 पास प्रतिस्पर्धी चार्जर्सच्या खेळाडूंच्या हाती दिले, तेही अचूक. उत्तरार्धात टेलर परतला आणि त्याच मोसमात संघाचा प्लेऑफचा 17 वर्षांचा दुष्काळ संपला. बक्षीस म्हणून पुढच्या मोसमाआधी टेलरची रवानगी क्लीव्हलँडला झाली.

बदलाचे समर्थक 2001 मध्ये बाकावरून उतरलेल्या टॉम ब्रेडीचा दाखला देतात. तेव्हा मुख्य क्वार्टरबॅक ड्रू ब्लेडसोला मैदानाबाहेर काढले ते प्रतिस्पर्धी जेट्सच्या मो लुईसच्या धडकेने. प्रशिक्षक बिल बेलिचिक यांचे श्रेय एवढेच, की ब्लेडसो बरा झाल्यावरही त्यांनी ब्रेडीलाच खेळवले. बाकीच्या प्रशिक्षकांना अशी धडक वेळेवर मिळत नाही. त्यांना पत्रकार परिषद घ्यावी लागते.