पाच पायऱ्यांत विद्वान

कुरुंद्यात घरबसल्या विद्वान व्हायचे असेल, तर पुस्तके वाचण्याचा जुनाट मार्ग आधी सोडावा. ज्ञानाचे भारदस्त इंग्रजी शब्द मोजक्या उपसर्ग-प्रत्ययांतून जुळतात. कृती पुढीलप्रमाणे:

१. ग्रीक ‘लोगोस’पासून आलेला ‘-लॉजी’ हा प्रत्यय घ्यावा. बायो, जिओ, सायको, काहीही पुढे जोडावे. ‘दोन्ही भाग ग्रीकच हवेत ना?’ असे मास्तरांनी विचारल्यास ‘सोशिऑलॉजी’ पुढे करावी: धड लॅटिन, शेपूट ग्रीक. मग पारावरच्या गप्पांना ‘पारॉलॉजी’ म्हणायला हरकत कसली?

२. स्वतःला ‘-इस्ट’ लावावा. ‘सायंटिस्ट’ हा शब्द विल्यम ह्यूएलने १८३३ साली काढला. न्यूटन १७२७ सालीच वारला. बिचारा बिनप्रत्ययाचा नुसता काम करून गेला.

३. ‘सायन्स’च्या मुळाशी लॅटिन ‘जाणणे’ आहे. त्याला ‘ऑम्नी’ लावला की माणूस सर्वज्ञ. ‘प्री’ लावला की आधीच कळते. हा उपसर्ग निवडणुकीचा निकाल लागल्यावर वापरावा. ‘कॉन’ मात्र चुकूनही लावू नये. त्याने ‘कॉन्शन्स’ होतो, म्हणजे सदसद्विवेकबुद्धी, आणि मग पुढची एकही पायरी चढवत नाही.

४. ग्रीक ‘ग्नोसिस’ म्हणजेही जाणणेच. ‘डाया’ लावला की रोगाचे निदान, ‘प्रो’ लावला की त्याच्या पुढच्या वाटचालीचे भाकीत. दोन्ही एका दमात म्हणावेत. रोगी तेवढ्यानेच गप्प होतो.

५. काहीच येत नसेल तर ‘अ’ लावावा. थॉमस हक्सलीने १८६९ साली ‘अ‍ॅग्नॉस्टिक’ घडवून ‘ठाऊक नाही’ या उत्तरालाही इभ्रत दिली. त्याने ते देवाबद्दल विचारांती म्हटले होते, हे परीक्षेत सांगू नये.

एक अडचण उरते. याच कुरुंदा गावाने एक वाईट पायंडा पाडून ठेवला आहे. नरहर कुरुंदकरांनी गावाकडून ‘-कर’ एवढा एकच प्रत्यय घेतला. १९३२ साली नांदापूरला जन्मलेला हा माणूस नांदेडच्या पीपल्स कॉलेजात शिकवत राहिला, तिथेच प्राचार्य झाला आणि मनुस्मृतीपासून नाट्यशास्त्रापर्यंत वाचून, तपासून लिहीत-बोलत राहिला. १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबादला मृत्यूने गाठले तेही व्यासपीठावरच.

तेव्हा कोणी ‘तुम्ही कुठले?’ विचारले, तर कुरुंद्याचे नाव जपून सांगावे. पुढचा प्रश्न ‘काय वाचलंय?’ असा येतो, आणि त्या उत्तराला कुठलाही प्रत्यय लागत नाही.