नाकाने पिणारे नाना

नानांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे आणि शेडमध्ये आठ-दहा हजार लिटर वाइन. या दोहोंचा एकमेकांशी काहीही संबंध नाही, असं नानांचं ठाम मत आहे.

नाना हे एकट्या माणसाचं नाव नव्हे. दिंडोरी, निफाड भागात ज्यांनी द्राक्षबागेला लागून घरगुती वाइनरी काढली, त्यांच्यात हा नमुना भेटतोच. कोणी त्याला अण्णा म्हणतं, कोणी तात्या. डोक्यावर टोपी, कपाळाला गंध, पायांत चिखल वाळलेल्या चपला. शनिवारी मुंबई-पुण्याहून ‘टेस्टिंग’ला आलेली मंडळी गाडीची किल्ली यांच्याच हातात ठेवून ‘जरा सावलीत लावा हो’ म्हणतात. नाना ती निमूटपणे लावतात, किल्ली परत आणून देतात आणि मग टेबलापलीकडे जाऊन मालक म्हणून उभे राहतात. पाहुण्यांचे चेहरे पाहण्याचा हा आनंद त्यांना दर शनिवारी फुकट मिळतो.

सोयरिकीच्या बैठकीत मात्र नाना ‘आमचा द्राक्ष प्रक्रिया उद्योग आहे’ एवढंच सांगतात. ही लबाडी म्हणावी तर सरकारनेही 2001 साली वाइनसाठी आणलेल्या धोरणाला ‘द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण’ असंच सोवळं नाव दिलं होतं. सरकार जिथे संकोचलं तिथे मुलीकडच्यांपुढे नानांनीच का धीट व्हावं?

नाना या धंद्यात हौसेने आले नाहीत. आधी त्यांची थॉमसन सीडलेस होती. एका वर्षी व्यापाऱ्याने अख्खा बाग तोडून नेला आणि चेक दिला. चेक अजून कपाटात आहे, व्यापाऱ्याचा पत्ता नाही. मग एका वाइन कंपनीशी करार करून शिराज लावली. शेजारी बांधावर येऊन ते बारीक मणी बघायचे आणि विचारायचे, “नाना, मणी फुगवायचं जीए मारायचं राहिलं का औंदा?” वाइनचं द्राक्ष बारीकच असतं, त्यात बी असतं, साल जाड असते, हे सांगून सांगून नाना थकले. पुढे 2008 च्या मंदीत वाइनचा खप बसला, कंपन्या माल उचलेनात, आणि आजूबाजूच्या कितीतरी जणांनी वाइनच्या बागा उपटून पुन्हा खाण्याची द्राक्षं लावली. नानांच्याने बागेला कुऱ्हाड लावणं होईना. हे द्राक्ष गिऱ्हाईक खात नाही, बेदाणा करावा तर बिया. उरली एकच वाट. थोरल्याला शिकायला पाठवलं, कांद्याची चाळ मोडून शेड घातली, स्टीलच्या टाक्या आणल्या आणि निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर त्र्यंबकेश्वराहून पायी पंढरपूर गाठणारा माणूस वाइनचा कारखानदार झाला.

माळेचा प्रश्न नानांनी स्वतःपुरता सोडवून टाकला आहे. “तोंडात गेली तर पाप. नाकात गेली तर काम.” या निवाड्याला गावच्या कीर्तनकार बुवांनी अजून संमती दिलेली नाही, पण हरकतही घेतलेली नाही. वाइनरी निघाल्यापासून अखंड हरिनाम सप्ताहातली एक पंगत नानांकडे असते.

नाकाचं हे काम टाकीपाशी चालतं. रेड वाइनचा रंग सालीत असतो. आतला गर शिराजचासुद्धा पांढुरकाच. म्हणून लाल वाइन सालींसकट आंबवतात. आंबताना निघणाऱ्या वायूने साली वर येतात, त्यांचा जाड थर बसतो आणि तो दिवसातून दोन-तीनदा खाली ढकलावा लागतो. नाही ढकलला तर रंग नीट उतरत नाही आणि वरचा थर आंबट होतो. हंगामात संध्याकाळची पाळी नानांची. तोंडाने हरिपाठ चालू, हातात दांडकं, आणि खाली जांभळा रटरटाट. मध्येच ते थांबले तर समजावं की अभंग चुकलेला नाही, वास चुकला आहे.

असं एकदा झालं. नाना पोराला म्हणाले, “तीन नंबरच्या टाकीत अंडं कुजलंय.” पोराने विज्ञान सांगितलं, यीस्टला नायट्रोजन कमी पडला की असा वास येतो. नाना म्हणाले, “तुझं यीस्ट उपाशी असंल, नाही असं नाही. पण खालच्या पट्ट्यात भुरी आली म्हणून तोडणीच्या तोंडावर गंधक कोणी मारलं?” पोरगा गप्प. गंधक द्राक्षावर राहिलं की तेच टाकीत जाऊन नाकाला छळतं, हे त्याच्या पुस्तकातही होतं, फक्त पुढच्या धड्यात.

नानांची जीभही कामाला असते, पण ती बागेत. जानेवारी सरला की पोरगा साखर मोजायचा ब्रिक्स मीटर घेऊन ओळीतून फिरतो आणि नाना नुसते फिरतात. पोरगा जाहीर करतो, “तेवीस! उद्या तोडू.” नाना मणी तोंडात टाकतात, गर गिळतात, साल चावतात आणि बी दाढेखाली फोडतात. बी हिरवट, चिवट लागलं तर मान हलते, “चार दिस थांब.” साखर भरली म्हणून बी पिकत नाही आणि कच्च्या बीचा तुरटपणा वाइनमध्ये उतरला की गिऱ्हाईक त्याला तोंड वाकडं करून ‘इंटरेस्टिंग’ म्हणतं. ते ऐकलं की बाटली खपणार नाही, एवढं इंग्रजी नाना शिकले आहेत.

त्यांचं खरं दुःख विरळणी. दर्जा हवा तर झाडावर घड कमी ठेवायचे, बाकीचे कापून खाली टाकायचे, असं पोराचं म्हणणं. गारपिटीने पडलेले घड नानांनी पाहिले होते. स्वतःच्या कात्रीने पाडलेले पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्यांना रात्री जेवण गेलं नाही. “गारपिटीचा निदान पंचनामा तरी होतो,” ते बायकोला म्हणाले.

आता टेस्टिंग. टेबलाशी सूनबाई असतात. वाइनची जात, जेवणातली जोडी, ग्लास कुठे धरायचा, हे त्या मराठी, हिंदी आणि इंग्रजीतून सांगतात. ओतण्याचं काम मात्र नाना दुसऱ्या कोणाला देत नाहीत. तीस मिलिलिटरच्या वर थेंब जात नाही. पाहुणा म्हणतो, “नाना, तीर्थ देताय का?” नाना गंभीरपणे म्हणतात, “तीर्थ एकदाच मिळतं. इथं अजून दोन बाकी हायत.”

पाहुण्यांत एक जाणकार असतोच. त्याने कुठलासा दोन दिवसांचा वर्ग केलेला असतो. तो ग्लास तिरका करतो, उजेडाकडे धरतो, गरगर फिरवतो, नाक आत घालतो आणि डोळे मिटतो. बरोबरची मंडळी श्वास रोखतात. मग तो बोलतो, “ब्लॅकबेरी. थोडं चामडं. आणि शेवटी तंबाखू.”

नानांचा चेहरा उतरतो. “चामडं कसं येईल ओ? ही तर सगळी स्टेनलेस स्टीलमधली हाय.” मग ते दाराकडे वळून गड्याला हाक मारतात, “टाकीपाशी तंबाखू कोण मळत होतं रं?”

सूनबाई घाईघाईने कॅबर्ने सोव्हिन्यों पुढे करतात. ही ओकच्या पिंपातली. 225 लिटरचं ते फ्रेंच पिंप नानांच्या डोळ्यांत पहिल्या दिवसापासून सलतं आहे. “लाकडाचा वास लागावा म्हणून एवढे पैसे! त्यात बैलजोडी आली असती.” जाणकार म्हणतो, व्हॅनिला जाणवतोय. “मंग जाणवायलाच पाहिजे,” नाना म्हणतात, “त्याचेच हप्ते फेडतोय.”

तिसरी बाटली 2020 ची शिराज, चिठ्ठीवर ‘रिझर्व्ह’. जाणकार विचारतो, रिझर्व्ह म्हणजे नेमकं काय केलं? पोरगा सांगायला तोंड उघडतो, पण नाना पुढे होतात. “2019 ला पाऊस नोव्हेंबरपर्यंत हटला नाही. फुलोऱ्यात गळकूज, वरून डाऊनी. निम्मा बाग गेला. जो राहिला तो चांगला पिकला, तोडला, टाकीत घातला. तेवढ्यात मार्चमध्ये टाळेबंदी. वाइन आत, पोलीस बाहेर. विकली नाही म्हणून राहिली, राहिली म्हणून मुरली, मुरली म्हणून रिझर्व्ह.” एवढं सांगून ते ग्लास नाकाशी नेतात, क्षणभर थांबतात आणि सुनेला बारीक आवाजात म्हणतात, “ही बाटली कालची उघडी हाय. ओतून टाक, नवी काढ.” जाणकाराने त्याच वाइनला नुकतंच ‘कमालीची ताजी’ म्हटलेलं असतं. तो खिडकीतून बाग पाहू लागतो.

गावाच्या राजकारणातही नानांची अशीच दोन दगडांवर कसरत चालते. जानेवारी 2022 मध्ये मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला आणि राज्यभर वाद पेटला. नानांच्या गावात एकाच दिवशी दोन बैठका झाल्या. सकाळी बागायतदारांनी निर्णयाचं स्वागत केलं, त्यात अभिनंदनाचा ठराव नानांनी मांडला. संध्याकाळी देवळात भजनी मंडळाने निषेध केला, त्या निवेदनावर दुसरी सही नानांची. कोणीतरी टोकलं, तर म्हणाले, “सकाळी शेतकरी होतो, संध्याकाळी वारकरी. दोन्ही खरंच हाय की.” पुढे निर्णय विरोधात अडकला आणि नानांना कोणाचीच समजूत काढावी लागली नाही.

पाहुण्यांत कॉलेजातलं वाटणारं पोरगं असेल तर नाना आधी विचारतात, “एकवीस पुरी का?” आधार कार्ड बघतात, आणि वय बसत असूनही त्याला आधी ताजा रस देऊन बघतात. पोरगं रस पिऊन खूश झालं तर तेवढ्यावरच भागवतात. धंद्याचं नुकसान होतं असं नानांच्या पोराचं म्हणणं, पण त्याच्याजवळही त्यावर उतारा नाही.

निघायच्या वेळी जाणकार सहा बाटल्या घेतो. पैसे देतो, चार पावलं जातो आणि परत येऊन नानांच्या कानाशी लागतो, “एखादी द्राक्षांची पेटी मिळेल का? रिकामी असली तरी चालेल. आई घरी असते.”

नाना हसत नाहीत. मागच्या खोलीत पेट्या तयारच असतात. खाली बाटल्या आडव्या, त्यावर कागद, त्यावर सोनाकाचे दोन किलो घड नीट रचलेले. “सगळे असंच नेतात,” ते सुतळी बांधता बांधता म्हणतात. “आमच्या मंडळाचे टाळकरीसुद्धा. फक्त एक करा, घरी गेल्यावर वरची द्राक्षं जपून खा. ती लवकर संपली, की मग खालचं दिसतं.”