पेट्या, पत्रा आणि आडवा वारा

आमच्या कशेळ्याच्या नाक्यावर कुठलीही नवी गाडी उभी राहिली, की पहिला प्रश्न ठरलेला : ‘किती देते?’ मी मात्र कुणीतरी टॉर्क विचारील या आशेने हेल्मेट सावकाश काढत होतो. हेल्मेट सावकाश काढायचं, केसांवरून हात फिरवायचा (असतील त्या), आणि आत्ताच लेहहून उतरल्यासारखं दूर कुठेतरी बघायचं. मी कडावहून आलो होतो.

‘तीस,’ मी म्हणालो.

‘तीस? आपली स्प्लेंडर सत्तर देते, सर,’ एवढं म्हणून विचारणारा कपबशीकडे वळला. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या माणसाची विचारपूस तिथेच संपली.

टूरिंग मोटरसायकलवाल्याला गावात कुणी हिंग लावून विचारत नाही, म्हणून तो महामार्गावर जातो. महामार्ग म्हणजे जुना मुंबई-पुणे. द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी, वांद्रे-वरळी सागरी सेतूवर बंदी, 2024 साली उघडलेल्या अटल सेतूवरही बंदी. जिथे रस्ता गुळगुळीत, तिथे सरकारला आमची काळजी. जिथे खड्डे, ट्रेलर, उलटे येणारे रिक्षावाले आणि न रंगवलेले गतिरोधक, तिथे मात्र आम्ही स्वतंत्र भारताचे स्वतंत्र नागरिक.

तर या जुन्या रस्त्यावर, चौक सोडून खोपोलीकडे निघालं की वारा भेटतो. वाऱ्याचा हिशेब मी मुलांना फळ्यावर शिकवलेला आहे : वेग दुप्पट केला की वाऱ्याचा विरोध चौपट. ताशी ऐंशीने जाताना बाजूने तीसचा वारा आला, तर तो गाडीला काटकोनात लागत नाही. समोरून साधारण वीस अंश कलून लागतो. फळ्यावर हे फार सुंदर दिसतं. ट्रेलरला ओलांडताना दिसत नाही. त्याच्या कुशीत आलात की हवा तुम्हाला आत ओढते, तोंडाशी दाबलेली हवा बाहेर लोटते, आणि त्याला मागे टाकल्याबरोबर इतका वेळ आडोशाला अडलेला वारा एकदम अंगावर येतो. अशा वेळी हात सैल आणि गुडघे टाकीला घट्ट, हे खरं शास्त्र. हँडल आवळून धरलं, की धक्का आधी आपल्या अंगाला बसतो आणि आपलं अंग तो हँडलला देतं. म्हणजे गाडी वाऱ्याने निम्मी हलते, निम्मी आपल्या घाबरण्याने. आणि उजवीकडे झुकायचं तर हँडलची उजवी मूठ पुढे ढकलावी लागते, डावी नव्हे. हे सगळे करतात, पण विचारलं तर कुणी सांगत नाही. विमान उडवण्याआधी सायकलींचं दुकान चालवणाऱ्या विल्बर राइटने डझनावारी सायकलस्वारांना विचारून पाहिलं, तुम्ही डावीकडे वळता ते कसे. एकालाही धड सांगता आलं नाही.

आता माझ्या पेट्या. गाडीला दोन्ही बाजूंनी अॅल्युमिनियमच्या दोन पेट्या आणि मागे एक तिसरी मी लावून घेतली. पुढे उंच काचही. लडाखला जाणाऱ्यांच्या गाड्यांना असतात तशा. वारा कशावर जोर धरतो? उभ्या, सपाट, रुंद पृष्ठभागावर. म्हणजे पैसे मोजून मी वाऱ्याला धरायला जागा करून दिली होती. शिवाय मागची पेटी चाकाच्या आसाच्याही मागे, उंचावर. ती भरली की पुढचं चाक हलकं होतं आणि वेगात हँडल हळूच डावी-उजवी मान हलवू लागतं. या थाटात खांडसला गेलो, तर एका आजींनी दारातून विचारलं, ‘पार्सल कुणाचं हाय?’

टायरकडे माझं लक्ष सगळ्यांत शेवटी गेलं, कारण टायरमध्ये मिरवण्यासारखं काही नसतं. अख्खी गाडी, मी, पेट्या आणि माझा मोठेपणा, एवढं सगळं तळहाताएवढ्या दोन रबरी ठिपक्यांवर टेकलेलं असतं. सरळ रस्त्यावर पळून पळून मागचा टायर मधोमध सपाट होतो. मग बोरघाटात, शिंग्रोबाच्या वळणांवर गाडी कलवायला गेलं, की ती आधी कलायचं नाकारते आणि मग त्या सपाटीच्या कडेवरून एकदम खाली पडल्यासारखी कलते. हवा कमी असली की वळणात गाडी सुस्त, आणि आडवा वारा आला की डोलते. हवा मोजायची ती टायर गार असताना. चालून तापला की दाब वाढतो आणि आकडा फसवतो. हे पंपावर सांगायला जावं, तर ‘हवा बंद आहे’ अशी पाटी. फुकटची हवा बंद आणि शेजारी पैसे देऊन नायट्रोजन चालू. साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजन निसर्गानेच भरून ठेवलाय, हे मी तिथल्या मुलाला समजावलं. तो म्हणाला, ‘मग वरचा बावीस आम्ही देतो ना, सर.’

पण मला सांगायचंय ते पत्र्याचं.

वैशाखात, पावसाळ्याच्या आधी घरं शाकारायची घाई असते आणि दुपारनंतर वारं उठतं. अशा एका दुपारी माझ्यापुढे एक स्प्लेंडर चालली होती. 112 किलोची गाडी, तिच्यावर दोघं, आणि मागच्याने डोक्यावर धरलेला लांबलचक पत्रा. धारेने हात कापू नये म्हणून त्याने बोटांना फडकं गुंडाळलं होतं; फडक्याची दोन टोकं वाऱ्याने फडफडत होती आणि वारा कुठून येतोय ते मला त्यावरून कळत होतं. त्याला ते बघायची गरज नव्हती. झुळूक यायच्या क्षणभर आधीच तो पत्र्याची वाऱ्याकडची कड बोटभर खाली घ्यायचा. पुढचा बांधावरच्या वाळक्या गवताकडे बघत होता. गवत लवलं की वेग कमी. झाडांची रांग संपून उघडं शेत लागायच्या आधी वेग कमी. पेजेच्या पुलावर तर इतका कमी, की मागचा पाय टेकवतो की काय असं वाटलं. दोघांत एक शब्द नाही. मी दोनशे किलोच्या गाडीवर, कोपर-गुडघ्यांना कवच लावून, त्यांच्या मागे गुपचूप. ओलांडायची छाती झाली नाही.

नाक्यावर गाठलं. म्हटलं, ‘वाऱ्याची भीती नाही वाटत?’

‘वाटते ना. म्हणून तर आडवा धरलाय. उभा धरला असता तर आत्ता पेठच्या किल्ल्यावर असतो दोघं.’

तेव्हापासून मी रस्त्यावर दुसरं काही बघतच नाही. गादी नेणारे, कोंबड्यांच्या जाळ्या नेणारे, शिडीच्या मधून डोकं काढून बसलेले. पण सगळ्यांत वरचढ गणपतीवाले. पेणहून खोपोलीमार्गे थेट कशेळ्यापर्यंत, मागे मेहुणा, मेहुण्याच्या मांडीवर मूर्ती, मूर्तीच्या तोंडावर रुमाल. निघण्याआधी टायरवाल्याला सांगणं : ‘देव बसणार आहे, मागच्यात दोन जास्त मार.’ माणूस जास्त बसला की मागची हवा वाढवायची, हे कंपनीच्या पुस्तकातही छापलेलं असतं, पण ते पुस्तक वाचणारा आमच्या पंचक्रोशीत मी एकटा. तीसच्या वर काटा नाही. खड्डा दिसायच्या आधी वळसा. शाडूच्या मूर्तीचा कान शाबूत राहावा म्हणून जो माणूस असा चालवतो, तोच दुसऱ्या दिवशी तिघांना घेऊन, हेल्मेट कोपराला अडकवून, ऐंशीने कर्जतच्या चारफाट्याकडे जातो.

2022 साली देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली, त्यांतली 44.5 टक्के दुचाकीवरची होती. आमच्याकडे हा आकडा फ्लेक्सवर दिसतो. नाक्यावर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लागते, आणि गॉगल घातलेला फोटो तोच असतो, जो चार महिन्यांपूर्वी वाढदिवसाच्या शुभेच्छांवर होता. यांतल्या काहींना मी घर्षण शिकवलंय. परीक्षेपुरतं. आणि राग येतो तो फक्त पोरांचा नाही. काँक्रीटचा पट्टा आणि शेजारची खचलेली बाजूपट्टी यांच्यात सरळ लांबीला चार बोटांची कड सोडून कंत्राटदार निघून जातो. अशा कडेला चाक तिरपं घासत गेलं तर वर चढत नाही, तिच्या कडेकडेने सरकत राहतं आणि गाडी पडते. चढायचं तर कडेला जमेल तितकं काटकोनात भिडावं लागतं. रात्री खोपोलीच्या कारखान्यातून पाळी संपवून येणाऱ्या पोराने, समोरून प्रखर दिवे अंगावर येत असताना, हा कोन कसा साधायचा? हेल्मेट घालून तरी कसा साधायचा?

पेट्या मी काढल्या. शास्त्रीय कारणाने, असं मी घरी सांगितलं. ‘अहो, टाकू नका हं,’ ही म्हणाली, ‘झाकणाला रबर आहे, मुंगीसुद्धा जात नाही.’ आता डावीत पुढच्या वर्षीच्या वालाचं बियाणं आहे, उजवीत कुळीथ. तिसरीत काय आहे ते मला विचारायची परवानगी नाही. परवा कुणीतरी पाहुणे आले, पेट्या बघून म्हणाले, ‘वा, लडाखला जाऊन आलात वाटतं!’ मी हेल्मेट नसतानाही केसांवरून हात फिरवला. तेवढ्यात आतून आवाज आला, ‘त्यांना विचारा, किती देते.’